टेपाडावरचं सिमेंट

करंबोडीचं कब्रस्तान बघायला आलेला नवखा माणूस हमखास त्याच्या मधोमध उभा राहून विचारायचा, "कब्रस्तान कुठे आहे हो?"

नंदकुमार साहेबांनीही तेच केलं. नव्या शहरासाठी जमिनी घेणाऱ्या कचेरीत ते पाहणी अधिकारी होते. काखेत नकाशाची गुंडाळी, डोक्यावर रुमाल. खाडीकाठच्या त्या टेपाडावर उभे राहून त्यांनी चहूकडे नजर फिरवली. गवत होतं, रुईची झुडपं होती, मधेमधे सब्जाची रोपं होती, आणि एका बाजूला पडीक मिठागर.

"साहेब," ताजुद्दीन म्हणाला, "तुम्ही माझ्या चुलतचुलत्याच्या छातीवर उभे आहात."

साहेब टुणकन बाजूला झाले.

"आता आजीच्या पायांवर."

साहेब घाईघाईने पायवाटेवर आले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली. "पण ताजुद्दीनभाई, दगड नाही, चौथरा नाही, नाव नाही. मी लिहायचं काय?"

ताजुद्दीन हसला. पनवेल-उरण रस्त्यावर त्याचा रेती-सिमेंट-विटांचा डेपो होता. रेती ब्रासवर मोजायची, विटा हजारावर आणि माणसं नजरेवर, असा त्याचा खाक्या. समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते त्याला दुकानाची पायरी चढायच्या आत कळायचं, निदान त्याची तशी समजूत होती. गावच्या जमातीचा तो मुतवल्ली. म्हणजे मशीद आणि कब्रस्तान त्याच्या देखरेखीखाली. वय साठीला टेकलं होतं. मुलगा आतिफ वाशीला एका कंपनीत होता. बायको शरीफा चार वर्षांपूर्वी याच टेपाडावर आली होती, खाडीकडच्या उतारावर. तिच्या उशाला त्याने स्वतः सब्जा लावला होता. दर शुक्रवारी तो तिथे पाणी घालायचा आणि घालताना शेजारच्या रिकाम्या जागेवरही थोडं सांडायचा. ती जागा त्याने आपल्यासाठी धरली होती. कब्रस्तानात जागा धरून ठेवायची नाही, हा नियम त्याच्या आजाने घातलेला, आणि ताजुद्दीन तो इतरांना डोळे वटारून सांगायचा.

आजाने सांगितलेला दुसरा नियम याहून जुना आणि कडक. कबरीवर दगड नाही, चुना नाही, नाव नाही. मातीचा उंचवटा दोन पावसाळ्यांत खाली बसेल तो बसेल. मग तिथे गवत. सब्जा मात्र लावावा, कारण त्याला वास असतो आणि त्याला गर्व नसतो, असं आजा म्हणे.

नियमाला कारण होतं. करंबोडीत मुसलमानाचं एकही घर नव्हतं त्या काळातली ही गोष्ट. एका उधाणात खारबांधाला खांड पडली, म्हणजे भरतीने बांध फोडला आणि खारं पाणी पिकत्या भातात शिरायला लागलं. सगळं आगरी गाव टोपल्यांनी माती टाकत होतं आणि माती वाहून जात होती. तेवढ्यात बंदराकडून रिकामा मचवा घेऊन चाललेल्या एका मुसलमान तांडेलाने तो मचवा आडवा आणला, खांडीत घातला आणि तळाला कुऱ्हाडीने भोक पाडून तिथेच बुडवला. गावाने त्याच्यावर माती लोटली. बांध राहिला, भात राहिलं, तांडेल मात्र मचव्याखाली सापडला. घरतांच्या पूर्वजांनी हे टेपाड दिलं, पहिली कबर त्याची झाली, आणि त्याचे भाऊबंद कबरीच्या ओढीने इथे राहायला आले. तांडेलाच्या कबरीवर दगड ठेवायला निघाले तेव्हा त्याची आईच म्हणाली, "माझ्या पोरावर आधीच पुरेसं वजन पडलंय." तेव्हापासून कोणावरच नाही.

ताजुद्दीनने हा नियम किती काटेकोर पाळला त्याचा पुरावा त्याच्याच दुकानात होता. दहाएक वर्षांपूर्वी गावचा हसनमियां आफ्रिकेहून आला. तिकडे सोन्याच्या खाणींच्या गावात त्याचं कापडाचं दुकान होतं. बापाच्या कबरीसाठी त्याने संगमरवराची नाव कोरलेली पाटी आणली होती, आणि ताजुद्दीनला पटवायला एक फोटोही. फोटोत त्या गावचं जुनं कब्रस्तान होतं. पहिल्यांदा सोनं खणायला आलेले गोरे तिथे पुरलेले. सरळ रांगा, लोखंडी कठडा, दारावर इतिहासाचा फलक.

"सोनं संपलं, खाणी बंद पडल्या, पण ही मेलेली मानसं बघायला लोक गाड्या करून येतात," हसनमियां म्हणाला. "दगड हाय म्हणून. नायतर कोन ओळखतो?"

"आमच्याकडे अल्ला ओळखतो," ताजुद्दीन म्हणाला. पाटी त्याने परत पाठवली. हसनमियांने ती रागाने डेपोवरच टाकली आणि विमान पकडलं. चांगला दगड वाया कशाला घालवायचा? ताजुद्दीनने पाटी उलटी करून गल्ल्यावर बसवली. दहा वर्षं तो हसनमियांच्या बापाच्या नावावर सुटे पैसे मोजत होता. फोटो भिंतीवर कॅलेंडरखाली अडकवलेला राहिला.

आता शहाण्णव साल होतं आणि सोन्याची खाण इकडे निघाली होती. उलव्यापासून करंजाड्यापर्यंत ज्याच्या शेतात काल खेकडे होते त्याच्या दारात आज बिल्डरची गाडी होती. डोंगर फोडून खाजणात, म्हणजे भरतीच्या दलदलीत, भरले जात होते. ताजुद्दीनच्या डेपोवर ट्रक उभे करायला जागा पुरत नव्हती. शहर वाढतंय याचं त्याला दुःख नव्हतं. शहर त्याच्याच सिमेंटने वाढत होतं. फक्त ते त्या टेपाडाला वळसा घालून जावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण टेपाड सातबाऱ्यावर सरकारी खाजण म्हणून लागलेलं, आणि नव्या नकाशात तिथून रुंद रस्ता जात होता.

"माझा काही आकस नाही," नंदकुमार साहेब पायवाटेवरूनच म्हणाले. "पाहणीत जुनी दफनभूमी आढळली तर जागा वगळायची, असा आमचा नियमच आहे. पण मला दिसेल ते लिहावं लागतं. काहीतरी दिसायला हवं हो. शिवाय तुमच्या जमातीबाहेरच्या एका वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लागेल."

"सिताराम घरत आहे ना. त्याच्याच पूर्वजांनी जागा दिली."

"मग झालं तर. गणपती झाले की मी येतो."

साहेब स्कूटरवरून गेले आणि ताजुद्दीनच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य उरलं. काहीतरी दिसायला हवं. सरकारी माणूस उगाच बोलत नाही. एवढा सज्जन चेहरा करून तो वाट दाखवून गेला, असा हिशोब त्याने मांडला. दुकानात आला, कॅलेंडर बाजूला सारलं आणि हसनमियांचा फोटो काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी त्याने फुफीला सांगितलं. खतीजा फुफी त्याच्या बापाची बहीण. डोळ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. घरात तिचं ऐकायची पद्धत होती, वागायची नव्हती.

"पक्क्या कबरी?" ती म्हणाली. "बाला, डोकं ठिकान्यावर हाय ना?"

"नावापुरत्या गं. साहेबाला दाखवायला. जागा वाचली की फोडून टाकू."

"नि ज्यांनी जल्मभर दगड नको म्हटलं, त्यांच्या उरावर बसवनार? त्या हसनला किती बोललास तू."

"तेव्हा वेगळी गोष्ट होती."

"तेव्हा दगड त्याचा होता. आता सिमेंट तुझं हाय."

ताजुद्दीनने बंडू गवंड्याला बोलावलं. बंडू सोलापूरकडचा, त्याच्या घरी गणपती नव्हता. आणि करंबोडीचं सगळं आगरी गाव त्या दिवसांत आरत्या, गौरी आणि पत्ते यांत बुडालेलं असायचं. खाडीकडे कोणी फिरकणार नव्हतं. भर उन्हात, उजळ माथ्याने काम करता येणार होतं.

सितारामला सांगावं का, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला. दोघे लहानपणापासूनचे. एकाच बांधावरून खेकड्यांच्या बिळांत हात घातलेले. पण सितारामला खोटं बोलता येत नसे. शाळेत मास्तरांनी विचारलं की मास्तरांच्या आधी तोच रडायचा. त्याला सांगितलं तर तो कचेरीत जाऊन चाचरणार. न सांगितलेलंच बरं. त्याने एवढंच म्हणायचं, की कब्रस्तान फार जुनं आहे. आणि ते तर खरंच होतं. हा हिशोब ताजुद्दीनला इतका पसंत पडला, की त्याने तो दुसऱ्यांदा तपासलाच नाही.

"शेठ, कुठं कुठं बांधायच्या?" बंडूने विचारलं.

ताजुद्दीनने फोटो दाखवला. "अशा. सरळ रांगेत. दोरी लाव."

"पर खालची मानसं दोरीत असतील का?"

"तू साहेबाचं बघ, खालच्यांचं मी बघतो. आणि आधी सगळं रान साफ कर. मैदान दिसलं पाहिजे. फक्त उताराकडे..."

तेवढ्यात सुट्टीला घरी आलेला आतिफ स्कूटरवर आला. डेपोवर बिल्डरचे दोन ट्रक खोळंबले होते आणि ड्रायव्हर शिव्या देत होते. ताजुद्दीन तसाच गेला. उताराकडचा सब्जा सोड, हे वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. जेवून परत आला तेव्हा टेपाड नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं झालं होतं. बंडू मनापासून काम करणारा माणूस. त्याने रुई उपटली, सब्जा उपटला, त्याच्या पेंढ्या बांधल्या आणि टेपाडभर फरफटत नेऊन पलीकडे जाळल्या.

"कसं चकाचक केलं, शेठ?"

ताजुद्दीन उताराकडे गेला. रुईपासून इतकं पुढे, मग डावीकडे. पण रुईच नव्हती. बांधाच्या वळणासमोर? वळण तर लांबच लांब होतं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग गुडघ्यावर बसला, मग बंडू बघतोय म्हणून उठला.

"इथे," तो म्हणाला. "इथली जरा नीट कर. गिलावा घोटून."

बंडूने ती खरोखर सुंदर केली. कडा गोल घोटल्या, उशाला छोटा कोनाडा काढला. बाकीच्या साध्या. जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर शेण-चिखलाचं पाणी मारलं. त्या एका कबरीवर मारायला ताजुद्दीनने मना केलं. ती टेपाडावर अशी उठून दिसत होती, की आतिफ म्हणाला, "अम्मीची ना, अब्बा?"

"हो," ताजुद्दीन म्हणाला.

गौरी-गणपती गेले. सिताराम लेकीकडे मोऱ्याला गेला आणि तिथून परस्पर कचेरीत जाऊन जबाब देऊन आला. त्याने येताना डेपोवर डोकावून सांगितलं, "झाला रे तुझा काम. साहेबांना सगला बैजवार सांगितला. तांडेलाची गोष्ट पन सांगितली." ताजुद्दीनने त्याला चहा पाजला, वर जिलबी मागवली.

नंदकुमार साहेब आले ते दोन पंच आणि एक फोटोग्राफर घेऊनच. टेपाडाच्या पायथ्याशी ते थबकले. वर रांगा होत्या. कवायतीला उभ्या असाव्यात तशा.

"हे काय?"

"दिसतंय ना आता, साहेब?" ताजुद्दीन म्हणाला. त्याच्या आवाजात गिऱ्हाइकाला पसंत पडणारा माल काढल्याचा डौल होता.

साहेबांनी एका कबरीवर टिचकी मारली. नखाने चिखल खरवडला. खाली सिमेंट कोरं करकरीत, हिरवट-करडं होतं. मग त्यांनी पिशवीतून सितारामचा जबाब काढला आणि मोठ्याने वाचला, कारण पंचांसमोर तो वाचावाच लागत होता. या टेपाडावर आमच्या वाडवडिलांपासून मुसलमान लोक मयत पुरतात. कबरीवर दगड-चुना त्यांच्यात चालत नाही. माझ्या उभ्या हयातीत मी इथे एकही पक्की कबर पाहिलेली नाही, आजही नाही.

ताजुद्दीनने खरवडलेल्या जागेवर तळहात ठेवला.

"ताजुद्दीनभाई," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "या जबाबावर तुमचं काम झालं होतं. दगड का नाहीत ते यात आलंय. मी टिपण तयार करून ठेवलं होतं. आज नुसता फोटो काढून जायचं होतं, गवताचा."

"तुम्हीच म्हणालात, काहीतरी दिसायला हवं."

"कुंपण म्हणत होतो मी. फलक. दोन खांब रोवले असते तरी चाललं असतं." त्यांनी रांगांकडे हात केला. "आता जबाब खरा धरला तर हे सगळं गेल्या महिन्यातलं अतिक्रमण. आणि या कबरी खऱ्या धरल्या तर तुमचा साक्षीदार खोटा. मी काय लिहू?"

पंचांपैकी एकाला हसू आवरलं नाही. ताजुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची किंमत काही त्याला ठरवता आली नाही.

संध्याकाळी तो सितारामच्या ओटीवर जाऊन गरजला. "एवढं सगळं ओकायला कोणी सांगितलं होतं? जुनं आहे म्हणायचं आणि गप बसायचं!"

"मना काय ठावं, तू तिथं कॉलनी बांधलीस ती!" सितारामही उठला. "मना एक शबूद बोलला असतास तर?"

"तर तू खोटं बोलला असतास?"

सिताराम खाली बसला. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "नसतो बोललू," तो म्हणाला. "पन तुना बांधू नसता दिला. आमचे वाडवडलांनी मातीची जागा दिलेली हाय, ताजू. तू तिच्यावर मीठ टाकलास."

त्यानंतर सिताराम डेपोवर आला नाही. पुढे घराला स्लॅब टाकायला त्याने सिमेंट पार पनवेलहून आणलं.

कचेरीचा हुकूम यायला वर्ष लागलं. हुकमात टेपाडाला कब्रस्तान म्हटलेलंच नव्हतं. अनधिकृत बांधकाम म्हटलं होतं. नंदकुमार साहेबांनी मात्र स्वतः खटपट करून करंजाड्याच्या बाजूला जमातीला नवी जागा मिळवून दिली. भिंत, फाटक, नळ, सगळं असलेली. मौलवींनी सांगितलं, मयताला हलवू नये; पण ज्याला वाटेल त्याने आपल्या माणसाची मूठभर माती नव्या जागेत न्यावी. त्याने पुण्य लागत नाही, जिवाला बरं वाटतं.

लोक घमेली-पिशव्या घेऊन टेपाडावर जमले तेव्हा गणपती पुन्हा तोंडावर आले होते आणि पावसाने उघडीप दिली होती. कचेरीच्या खोदाई मशीनने सिमेंटचे चौथरे एकेक करून उचलून बाजूला ठेवले. पहिल्याच चौथऱ्याखाली कोरा मुरूम निघाला, कोणी कधी हात न लावलेला. दुसऱ्याखाली कातळ. बायका आपसांत कुजबुजल्या आणि मग कुजबुजायच्याही थांबल्या.

आणि चौथऱ्यांच्या मधून, भोवतीने, उतारावर, पायवाटेवर, जिथे नजर जाईल तिथे सब्जा उगवला होता. बंडूने पेंढ्या टेपाडभर फरफटत नेल्या होत्या. बी सगळीकडे सांडलं होतं आणि एका पावसाळ्यात तरारून वर आलं होतं. गुडघाभर, जांभळ्या तुऱ्यांचा. त्याचा वास रस्त्यापर्यंत जात होता. ज्या खुणेने माणूस ओळखायचा ती खूण आता प्रत्येक वितीवर होती.

फुफी बांधावर बसवलेली होती. तिने नाक वर करून वास घेतला. "ताजू, शरीफा कुठंय रे?"

त्याने मशीनवाल्याला उताराकडे हात केला.

मशीनने ती गोल कडांची, घोटीव कबर उचलली. आतिफ घमेलं घेऊन पुढे झाला आणि फावडं मारलं. आधी माती निघाली, म्हणून ताजुद्दीन पुढे सरकला. मग खण्णकन आवाज झाला. वीतभर मातीखाली सलग कातळ होता. आतिफने दोन्ही बाजूंना मारून पाहिलं. तिथेही कातळ. त्याने मान वर केली. तिशीतला समजूतदार मुलगा. बापाला चारचौघांत विचारावं की नाही याचा विचार करत होता.

"अब्बा, मग कुठून घेऊ?"

ताजुद्दीनने उतारावरून नजर फिरवली. जांभळे तुरे वाऱ्यावर एकाच वेळी वाकत होते. त्यातलीच एक जागा शरीफाची होती आणि तिच्या शेजारची त्याची. आयुष्यभर त्याने अंदाजाने कोणाला पाटीभर रेती दिली नव्हती.

"इथून," तो दुकानातल्या आवाजात म्हणाला आणि पायाशी बोट दाखवलं. "इथेच ती. हा नुसता बंडूचा चुकार चौथरा."

आतिफने विश्वास ठेवला. घमेलं भरलं. वर एक सब्जाचं रोप मुळासकट ठेवलं. मातीत सिमेंटचा एक खडा आला होता, बंडूच्या थापीतून उडालेला. ताजुद्दीनने तो वेचला आणि खिशात टाकला. फुफीने तोंड खाडीकडे फिरवलं.

करंजाड्याची जागा आफ्रिकेतल्या फोटोसारखी होती. सरळ रांगा, कठडा, प्रत्येक खड्ड्याला काँक्रीटची नंबरपट्टी. पहारेकऱ्याने आधीच बजावलं, की माणसं मरतील त्या क्रमाने नंबर मिळेल. कोणाच्या शेजारी कोण, हे इथे चालत नाही. आतिफने कोपऱ्यात माती ओतली, रोप लावलं, पाणी घातलं. नळाला खरंच पाणी होतं.

"मातीवाल्यांसाठी छोट्या पाट्या आहेत," पहारेकरी रंगाचा डबा घेऊन म्हणाला. "फुकट. नाव सांगा, लिहितो."

"लिहा. शरीफा..." आतिफने सुरुवात केली.

"नाव नको," ताजुद्दीन म्हणाला.

"का, अब्बा? इथे तर सगळ्यांचीच आहेत."

"आपल्यात चालत नाही."

आतिफने मान डोलावली. बाप जमातीच्या बाबतीत किती कडक आहे ते त्याला ठाऊक होतं. जीपकडे परतताना त्याने ते फुफीलाही कौतुकाने सांगितलं. फुफीने अधू डोळ्यांनी ताजुद्दीनच्या दिशेला पाहिलं आणि विचारलं, "मग तुझ्या गल्ल्यावरची पाटी कधी उलटवनार?"

ताजुद्दीन पुढच्या सीटवर बसला. डेपोवर ट्रक आले असणार होते; टेपाडावरच्या रस्त्याला लागणारं सिमेंट ठेकेदाराने त्याच्याकडेच सांगून ठेवलं होतं.